बाहेरचं काही नाही

इंदुरात रविवारी तुम्ही घरी स्वयंपाक करताय असं कळलं, की शेजारी खालच्या आवाजात विचारतात, "सब ठीक तो है ना?" घरात कुणी आजारी असेल, सुतक असेल, नाहीतर डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलं असेल. याखेरीज चौथं कारण त्यांना सुचत नाही. त्यांचा दोष नाही. सकाळी वाफेवर ठेवलेले पोहे आणि शेजारी जलेबी. दुपारी कचोरी. संध्याकाळी छप्पन दुकान. रात्री सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली, की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाऊवाले भुट्ट्याचा कीस, दहीबडे आणि थंडीत गराडू मांडून बसतात, ते मध्यरात्र उलटून गेली तरी उठत नाहीत. इतकी सोय असताना घरी कांदा चिरत बसणं म्हणजे गावाचा अपमान.

तरीही आमच्याकडे हा प्रकार घडला, त्याला कारण आमची कन्या. ती बंगळुरूला नोकरी करते. तिथे पाच दिवस तिचं जेवण मोबाइलवरून येतं, आणि शनिवार-रविवारी तिच्या वयाची सगळी मंडळी प्रायश्चित्त म्हणून घरी पाव भाजतात. त्या पावाचं आंबवण एका बरणीत वाढवलेलं असतं. त्याचं बारसं केलेलं असतं. त्याला रोज वेळेवर पीठ खायला घालतात आणि परगावी जाताना शेजाऱ्यांकडे सांभाळायला ठेवतात. या संप्रदायात तयार होऊन ती सुट्टीला आली आणि शुक्रवारी रात्री तिनं जाहीर केलं, "उद्या-परवा आपण घरी दाल-बाफले करायचे. सगळं मुळापासून. बाहेरचं काही नाही."

"मुळापासून म्हणजे कुठून गं?" आईनं विचारलं. "गहू पेरायचा असेल तर कार्तिकातच पेरायला हवा होता."

आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. माहेर देवासचं. देवासला पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्यं होती आणि दोघांचा कारभार शेजारी शेजारी चाले, हे आईनं लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे आमचं स्वयंपाकघरही तिनं त्याच धर्तीवर चालवलंय. ओट्याची खिडकीकडची बाजू थोरल्या पातीची, सिंककडची धाकट्या पातीची, म्हणजे माझ्या बायकोची. मिसळणाचा डबा सामाईक आहे, आणि बहुतेक तंटे त्याच सरहद्दीवर होतात.

बाफल्याची गोष्ट माळव्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात थोडं मक्याचं पीठ, मीठ, ओवा किंवा बडीशेप आणि सढळ तुपाचं मोहन घालून घट्ट मळायचं, गोळे करायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. आधी ते तळाशी जाऊन बसतात. शिजले की आपणहून वर येतात. मग बाहेर काढून कोरडे करायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे. बाटी थेट विस्तवात जाते; बाफला आधी आंघोळ करून जातो, एवढाच दोघांत फरक. भाजून तडकला की हातानं फोडायचा आणि तुपात बुडवायचा. चमच्यानं तूप वाढणाऱ्याकडे इंदुरात लोक दयेनं बघतात.

कन्येनं हे ऐकून डोळे मोठे केले. "बाबा, आधी उकडायचं, मग भाजायचं? म्हणजे हे बेगल झालं!" बेगल हा न्यूयॉर्कचा मोठा मानाचा पाव आहे म्हणे. तोही आधी उकळत्या पाण्यातून काढतात. फक्त त्याला मधोमध भोक असतं. यावर आईचं म्हणणं एवढंच पडलं, की त्या भोकातून तूप गळून जात असेल, म्हणून बिचारे कोरडं खातात.

शनिवारी सकाळी मी गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर गेलो. चक्कीवाल्यानं डबा उघडून दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली चावला आणि विचारलं, "रोटी का या बाफले का?" इंदुरात या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर दुपार वाया जाते. पोळीला शरबती किंवा लोकवन चालतो. बाफल्याला पिवळसर, टणक, काचेसारखा तुटणारा कठिया गहू हवा. हा गहू माळव्याचा जुना रहिवासी, आणि त्याच्या चांगल्या जाती निघाव्यात म्हणून इंदुरात भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं केंद्र 1951 पासून खपतंय. मालवशक्ती, पोषण, पूसा मंगल, पूसा अनमोल, पूसा तेजस ही नावं तिथल्या कठिया गव्हांची आहेत. लग्नपत्रिकेत छापली तरी कुणाला संशय येणार नाही. मुळापासून करायचं तर एक मूळ तिकडे, शास्त्रज्ञांच्या वाफ्यात आहे, हे मी कन्येला सांगितलं. तिनं मोबाइलवर शोधलं आणि किंचाळलीच, "बाबा, हा ड्युरम आहे! इटलीत पास्ता याचाच करतात!" त्या क्षणापासून बाफल्याला आमच्या घरात प्रतिष्ठा आली. गेली दोनशे वर्षं तो नुसताच चविष्ट होता.

जाड दळण्यासाठी चक्कीच्या दगडातलं अंतर वाढवावं लागतं, म्हणून जाड दळणवाल्यांना शेवटी बसवतात. माझ्या आधी एका बाईंचं हरभऱ्याच्या डाळीचं दळण होतं. त्यामुळे आमच्या पिठाची पहिली मूठ त्या बाईंच्या बेसनाची आली, आणि आमच्या गव्हाची शेवटची मूठ पुढच्या गिऱ्हाइकाच्या ज्वारीत गेली असणार. चक्कीच्या धर्मात हे देणं-घेणं गृहीत असतं. घरी येऊन मी ते सांगितल्यावर कन्येचा चेहरा पडला. बाहेरचं काही नाही, हा नियम पिठाच्या पहिल्या मुठीतच बाटला होता.

तुपाचं मात्र आम्हाला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. साय साठवून, विरजण लावून, लोणी काढून बायकोनं ते घरीच कढवलं. बेरी खरवडून खाण्यावरून कन्येत आणि माझ्यात थोडी झटापट झाली, पण ती मुळापासूनच्या परंपरेत बसते. तूप बरणीत ओतल्यावर बायकोनं पातळी बघितली आणि म्हणाली, "एवढंच झालं." बरणी काठोकाठ भरलेली होती. बाफल्याच्या हिशेबात काठोकाठ म्हणजे एवढंच.

पुढचा प्रश्न गोवऱ्यांचा. माळव्यातल्या बहुतेक घरांत भाजायला गोल ॲल्युमिनियमचा गॅस तंदूर असतो, आमच्याकडेही आहे, आणि त्यात बाफले उत्तम होतात. पण कन्येला धूर हवा होता. आमच्या कॉलनीत आता गाय दिसते ती कॅलेंडरवर. तेव्हा कन्येनं मोबाइल काढला, आणि ज्या ॲपवरून ती बंगळुरूत नूडल्स मागवते त्याच्यावरून गोवऱ्या मागवल्या. दारात छापील खोका आला. आत प्लॅस्टिकच्या वेष्टणात एकसारख्या, गोल, गुळगुळीत गोवऱ्या. वर किंमत, सर्व करांसह. आईनं एक हातात घेऊन बराच वेळ निरखली. "थापणाऱ्याची बोटं उमटलेली नाहीत," ती म्हणाली. "यंत्रावरची दिसतेय." मग खोक्यावरची किंमत वाचून दाखवायला लावली आणि देवासच्या वाड्यातल्या दोन म्हशींची तिला उगाच आठवण झाली.

आता पुरुषांविषयी. माळव्यातल्या पुरुषाला घरात मीठ कुठे ठेवलंय ते माहीत नसतं, पण बाफले उघड्यावर भाजायचे म्हटलं की त्याच्या अंगात येतं. पावसाळ्यात पाताळपाणीला, तिंछाच्या धबधब्याला, चोरलच्या बाजूला जा. झाडाखाली गोवऱ्यांची रास आणि भोवती पोटं सुटलेले चार-पाच गृहस्थ, प्रत्येकाच्या हातात चिमटा, प्रत्येकाचा दुसऱ्यावर अविश्वास. पीठ बायकांनी मळलेलं असतं, डाळ बायकांनी घरून शिजवून आणलेली असते, चटणी बायकांनी वाटलेली असते, भांडी बायकाच घासणार असतात. मधल्या वेळात पुरुष गोळे उलटे करतात. घरी परतताना गाडीत चर्चा चालते, की आज आपण बाफले काय केले राव!

या हौसेला राजघराण्याचाही पाठिंबा आहे. इंदूरच्या शेवटच्या महाराजांचे चिरंजीव शिवाजीराव होळकर आणि शालिनीदेवी यांनी 1975 मध्ये 'द कुकिंग ऑफ द महाराजाज' नावाचं पाककृतींचं पुस्तकच काढलं. ज्यांच्या पूर्वजांनी अटकेच्या बाजूला घोडे दामटले, त्यांनी मसाल्याचं प्रमाण लिहायला कमीपणा मानला नाही, असं मी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "त्यांनी लिहून तरी ठेवलं."

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर समिती जमली. माझे साडू आले, ते तेल कंपनीतून निवृत्त झालेत आणि ज्वलन या विषयावर त्यांचा अधिकार आहे. खालच्या मजल्यावरचे भाईसाहब आले, ते मूळचे रतलामचे. त्यांनी गोळा हातात घेऊन दाबला. "सोडा डाला क्या?" चिमूटभर, मी म्हटलं. "गलत." मग हळद विचारली. घातली नव्हती. तेही चूक. ओवा? घातला होता. "सौंफ डालनी थी." साडूंचं मत नेमकं उलटं. दही घालावं की नाही यावर दोघांचं एकमत झालं, पण ते आपलं मत नाही असं दोघांनीही सांगितलं. इकडे निखारे राख धरू लागले. बाफल्यांबाबत दोन माळवी माणसं एकमेकांशी सहमत होणं अवघड, आणि त्यात एक जण रतलामचा निघाला तर समिती बरखास्त करणं बरं.

नऊ वाजून गेले होते. जेवण काही तीनच्या आत होत नाही, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात बायकोला आठवलं की जीरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला, संपलंय. साडू लगेच उठले. एवढ्या तत्परतेनं ते कधी उठत नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं. अर्ध्या तासानं ते परतले, ते जीरावनाची पुडी एका हातात आणि पोह्यांची पाकिटं दुसऱ्या हातात घेऊन. वर जलेबी. "रस्त्यातच होतं," ते म्हणाले. इंदुरात ते रस्त्यातच असतं. मुद्दाम चुकवायचं म्हटलं तर वळसा घ्यावा लागतो. कन्येनं नियमाची आठवण करून दिली. साडूंनी तिच्या हातात पुडकं दिलं. तिनं ते उघडलं, वाफ नाकाशी आली, वर बारीक शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे. "हे जेवण थोडंच आहे," असं ती स्वतःच म्हणाली, आणि आम्ही कुणीही तिला तो मुद्दा सुचवला नव्हता.

डाळ आईकडे होती. इथे थोडं पाण्याबद्दल. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यात तुरीची डाळ शिट्ट्या ऐकून घेते पण शिजत नाही. त्यामुळे डाळीसाठी नर्मदेचं पाणी वेगळं भरून ठेवायचं, ही इंदुरी घरांची जुनी शिस्त. 1978 साली नर्मदा इंदुरात आली, तीही जलूदहून जवळपास 70 किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी चढून. अजून बऱ्याच वस्त्यांत ती एक दिवसाआड येते. म्हणजे मुळापासूनचं आणखी एक मूळ डोंगरापलीकडे निघालं.

बाफल्याबरोबरची डाळ झणझणीत हवी. लसूण, हिंग, लाल मिरची, वरून तुपाची फोडणी. धाकट्या पातीनं तशी तयारी करून ठेवली आणि ती चटणी वाटायला वळली. मी दारात होतो म्हणून मला दिसलं, की थोरल्या पातीनं गुळाचा खडा डाळीत सोडला, मागोमाग दोन आमसुलं, आणि पदरानं हात पुसून ती देवघरात निघून गेली. आई सबंध आयुष्यात महाराष्ट्रात राहिलेली नाही. तिची आईही नाही. 1818 मध्ये मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली, त्याच्या आसपास कधीतरी आमचे कुणी पूर्वज कारकुनीला इकडे आले असं सांगतात. तरीही डाळ गोड केल्यावर ती म्हणते, "आपल्याकडे असंच करतात." हे 'आपल्याकडे' नेमकं कुठे आहे, ते विचारण्याची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

तीन वाजता पानं मांडली, आणि खरा पेच तिथे पडला. मराठी ताटाला डावं-उजवं असतं. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, समोर भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. बाफल्याला यात जागाच नाही. तो डावीकडे ठेवला तर चटणीचा अवमान, उजवीकडे ठेवला तर भाजी ताटाबाहेर जाते. आईनं बराच विचार केला. मग मुदीच्या जागी बाफला फोडून ठेवला, त्यावर डाळ, त्यावर तूप घातलं, आणि शेजारी एक छोटी भाताची मूद पाडलीच. भाताशिवाय पान वाढायचं नसतं. भाईसाहब हे सगळं आदरानं बघत होते. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि म्हणाले, "भिया, दाल में कुछ बात है." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी चुरम्याच्या लाडवाकडे पाहिलं.

"सेव?" भाईसाहबांनी विचारलं.

पानात शेव नव्हती. नियमच तसा होता. कन्येनं धिटाईनं विचारलं, "शेव घरीच का करत नाही कुणी? बेसन, तेल, सोऱ्या. काय अवघड आहे?" गच्चीवर शांतता पसरली. साडूंनी घास खाली ठेवला. रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे, आणि भाईसाहबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी ते स्पष्ट दिसत होतं. "बेटा," ते शेवटी म्हणाले, "घर में सेव कोई बनाता है क्या?" ते उठले, खाली आपल्या घरी गेले आणि डबा घेऊन आले. तो शेजारच्या घरातून आला होता, तेव्हा बाहेरचा कसा म्हणता येईल, असा निवाडा आईनं दिला. माझं स्वतःचं मत असं, की इंदुरात शेव हा पदार्थच नाही. वीज आणि नळ येतात तशी ती घरात येते, आणि ती कुठून आली याचा विचार ती गेल्यावरच करतात.

जेवणानंतर काही बोलण्यासारखं उरत नाही. बाफले खाऊन माणूस ज्या ठिकाणी असतो, त्याच ठिकाणी आडवा होतो. भाईसाहबांना एक मजला उतरायचा होता, तो त्यांनी सहानंतर उतरला.

संध्याकाळी राखेचा प्रश्न निघाला. हे शहर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, आणि त्याची किंमत म्हणजे प्रत्येक गृहस्थाला कचऱ्याचं तत्त्वज्ञान आलं पाहिजे. गाडी सकाळी गाणं वाजवत येते. ओलं वेगळं, सुकं वेगळं, आणखी चार-पाच कप्पे आहेतच. कांद्याच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या, लसणाची टरफलं ओल्यात. ते सगळं देवगुराडियाच्या कारखान्यात जातं. फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याची ताकद रोज 550 टन ओल्या कचऱ्याची आहे, त्यातून गॅस निघतो आणि त्यावर सिटी बस धावतात. आमच्या चटणीच्या लसणावर कुणीतरी राजवाड्याला जाणार, याचं कन्येला फार समाधान वाटलं. पण गोवरीची राख ओली की सुकी? साडू म्हणाले सुकी. बायको म्हणाली, शेणाची आहे म्हणजे ओली. आईनं वाद ऐकून घेतला, राख डब्यात भरली आणि पितळेची भांडी घासायला ठेवून दिली.

उरलेल्या बाफल्यांचा फैसला सोमवारी सकाळी झाला. रात्रभरात ते असे कडक होतात की भिंतीवर फेकले तर भिंत दुरुस्त करावी लागेल. आमच्याकडे शिळी पोळी उरली की तिचा कुस्करा होतो, भात उरला की फोडणीचा भात. शिळ्या वस्तूला फोडणीबाहेरचं भवितव्य नसतं. आईनं बाफले खलबत्त्यात फोडले, बायकोनं कांदा, मोहरी, हळद, कढीपत्ता घालून परतले, वर चिमूटभर साखर, ओलं खोबरं. थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच कढईवर एकत्र आलेल्या मी क्वचितच पाहिल्यात. कन्येनं त्याचा फोटो काढला, डबा भरून घेतला आणि विमानतळाकडे निघाली. बंगळुरूतल्या बरणीतलं ते आंबवण उपाशी असणार होतं.

उरलेला डबा मी ऑफिसात नेला. दुपारी उघडला तेव्हा शेजारच्या टेबलावरचे सहकारी वाकून बघू लागले. काय आहे, त्यांनी विचारलं. फोडणीचे बाफले. त्यांनी चमचाभर खाल्ले, डोळे मिटून चावले आणि मान डोलावली. "घर का है?" सगळं घरचं, मी म्हटलं, अगदी मुळापासून, बाहेरचं काही नाही.

"वही तो," ते म्हणाले, आणि टेबलाचा खालचा खण उघडून त्यांनी दोन डबे वर काढले. "लौंग वाली डालूँ या बारीक?"